अंगदुखी घेऊन आलेल्या माणसाला मनाचंही विचारा

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, कुठल्याही गावातल्या ओपीडीत बाजाराच्या दिवशी तासभर बसून बघा. बायकांची, आणि हल्ली बऱ्याच पुरुषांचीही, तक्रार जवळपास सारखीच असते. अंग मोडून येतंय, कंबर धरलीय, डोकं जड झालंय, रात्री डोळा लागत न्हाई, जेवण गोड लागत न्हाई. डॉक्टर बीपी बघतात, एक इंजेक्शन देतात, दुखण्याची गोळी, कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स, फारच गळून गेल्यासारखं वाटत असेल तर एक सलाईन. दोन दिवस बरं वाटतं आणि पंधरवड्यात तीच बाई परत त्याच बाकावर येऊन बसते. हे वर्षानुवर्षं चालतं आणि एवढ्या काळात तिला कुणी विचारत नाही की बाई, तुझं मन कसं आहे, कशात लक्ष लागतंय का.

माझं म्हणणं असं आहे की महिनोन्महिने अंगदुखी घेऊन येणाऱ्या आणि तपासण्यांत काही न सापडणाऱ्या प्रत्येक माणसाला, सरकारी असो की खाजगी, दवाखान्यात डिप्रेशनचे दोन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत, आणि ते त्याला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे आपल्या सीमाभागात मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत. हे नुसतं दयामाया म्हणून सांगत नाही. गेल्या पन्नास वर्षांत मेंदूतल्या ओपिऑइड, म्हणजे अफूसारख्या रेणूंच्या, यंत्रणेबद्दल जे कळलंय ते बघितलं तर शरीराचं दुखणं आणि मनाचं दुखणं वेगवेगळ्या खिडक्यांवर पाठवायची आपली पद्धतच चुकीची आहे असं मला वाटतं.

आधी ती यंत्रणा काय आहे ते बघू. अफू माणसाला हजारो वर्षांपासून माहिती आहे, तिच्यातलं मॉर्फिन जर्मनीतल्या सर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळं काढलं, पण ते मेंदूत जाऊन नेमकं कुठं बसतं हे कळायला १९७३ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूच्या पेशींवर अफूच्या रेणूंसाठी ठरावीक जागा असतात हे दाखवलं, न्यूयॉर्क आणि स्वीडनमधल्या टीमनीही त्याच वर्षी तेच दाखवलं. या जागांना रिसेप्टर म्हणतात. आता एका झाडाच्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत आयती जागा कशाला असेल? असणार नाही, म्हणजे शरीर स्वतःच तसलं काहीतरी तयार करत असणार, आणि दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून ते काढून दाखवलं. त्याचं नाव एन्केफॅलिन. पाठोपाठ एंडॉर्फिन सापडलं, १९७९ मध्ये डायनॉर्फिन सापडलं. रिसेप्टरचे मुख्य प्रकार तीन, म्यू, डेल्टा आणि कप्पा. म्यूवर रेणू बसला की दुखणं कमी होतं, ऊब वाटते, निवांत वाटतं. कप्पाचं उलटं आहे, त्याच्यावर डायनॉर्फिन बसलं की माणसाला बेचैन, उदास, नकोनको वाटायला लागतं.

आणि हे रिसेप्टर नुसते पाठीच्या कण्यात, दुखण्याच्या वाटेवर नाहीत. मेंदूत भीती, माया, आनंद, आठवण या सगळ्यांचा कारभार जिथं चालतो तिथंही ते दाट आहेत. म्हणजे कंबर दुखली तर जी यंत्रणा धावून येते तीच यंत्रणा माणूस तुटल्यावरही धावून येते.

हे मी हवेत बोलत नाहीये. याक पॅन्कसेप नावाचा शास्त्रज्ञ १९७० च्या दशकाच्या शेवटी आईपासून, भावंडांपासून वेगळ्या केलेल्या कुत्र्याच्या पिल्लांवर आणि कोंबडीच्या पिल्लांवर काम करत होता. पिल्लू एकटं पडलं की केकाटत राहतं, आणि त्याला गुंगी येणार नाही इतका थोडासा मॉर्फिनचा डोस दिला तरी त्याचं रडणं थांबतं, असं त्याला दिसलं. मग माणसांवर अभ्यास झाले. मिशिगन विद्यापीठातल्या टीमने २०१३ मध्ये धडधाकट लोकांना आणि २०१५ मध्ये डिप्रेशन असलेल्या लोकांना पेट स्कॅनच्या, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणाऱ्या, मशीनमध्ये झोपवलं, आधी त्यांना अनोळखी मुलामुलींचे प्रोफाइल दाखवून आवडते निवडायला सांगितलं आणि मग मशीनमध्ये असताना सांगितलं की तुम्ही ज्यांना पसंत केलंत त्यांनी तुम्हाला नाकारलं. यातली खरी गंमत म्हणजे हे सगळं खोटं आहे हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं, तरी नकार लागायचा तो लागला. धडधाकट माणसाच्या मेंदूत नकार ऐकल्यावर म्यू रिसेप्टरकडे ओपिऑइड सुटतं, म्हणजे मेंदू स्वतःच स्वतःला मलम लावतो. डिप्रेशनवाल्यांच्या मेंदूत ते कमी सुटलं आणि त्यांना सावरायला वेळही जास्त लागला. आणि होकाराचा आनंद त्यांना झाला खरा, पण टिकला नाही. हे अभ्यास थोड्या लोकांवरचे आहेत हे मान्यच आहे, पण प्राण्यांवरच्या कामाशी त्यांची दिशा जुळते.

आता हे खानापूर तालुक्यात आणून बघा. घरटी एक पोरगं गोव्याला, एक पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. घरात म्हातारा-म्हातारी, पावसाळ्यात चार महिने घराबाहेर पडणं मुश्कील, फोनला रेंज मिळाली तर संध्याकाळी दोन मिनिटं, "जेवलीस काय गं आई", "जेवलो रे, तू जेवलास न्हवं", संपलं. तिकडं बेळगावच्या वडगाव-खासबागला मागावर बसणारा माणूस, ज्याचा धंदा डोळ्यांदेखत मोडत गेला. इकडं चिकोडीला उसाचं बिल कधी येणार म्हणून बँक आणि सोसायटी दोन्हीकडं तोंड लपवणारा शेतकरी. आजरा-चंदगडकडून लग्न होऊन इकडं आलेली पोरगी, जिला नवऱ्याच्या घरातल्यांशिवाय गावात कोणीच ओळखत नाही. या लोकांचं एकटेपण आणि ताण म्हणजे "मनाचे खेळ" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही, मेंदूत त्याचा हिशोब रसायनांत होतो. ताण लांबत गेला की डायनॉर्फिनची बाजू वरचढ होते, हे प्राण्यांच्या अभ्यासात पुन्हापुन्हा दिसलंय, आणि म्यूची बाजू कमी पडली तर साधं दुखणंही जास्त दुखतं. म्हणजे एकटी पडलेली बाई कंबर धरून दवाखान्यात येते तेव्हा ती खोटं बोलत नसते, तिची कंबर खरंच जास्त दुखत असते.

इंजेक्शन घेतल्यावर दोन दिवस बरं वाटतं त्याबद्दलही सांगतो, कारण आपल्याकडं यावरून पेशंटला फार हिणवलं जातं, "काही झालेलं नाही हिला, सलाईन लावली की बरी होते". १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर एक अभ्यास केला. औषध नसलेलं इंजेक्शन दिलं तरी बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं, हे माहितीचं होतं. त्यांनी मग नॅलॉक्सोन दिलं, म्हणजे ओपिऑइड रिसेप्टर अडवणारं औषध, तर ज्यांना बरं वाटलं होतं त्यांचं दुखणं परत वाढलं. याचा अर्थ भरवशाने मिळालेला आराम हासुद्धा मेंदूतल्याच ओपिऑइडमुळे होता. डॉक्टरनं हात धरला, नाडी बघितली, सुई टोचली, कुणीतरी आपल्याकडं लक्ष दिलं, त्यानं खराखुरा आराम पडतो, दोन दिवसांचा का असेना. उलट डॉक्टरांनी यातून ओळखायला पाहिजे की या पेशंटला लक्ष देणारं माणूस हवंय.

आमच्या गल्लीतल्या एका मावशीचं सांगतो. निपाणीत विडीचं काम कसं चालतं ते बाहेरच्यांना माहिती नसतं. मांडीवर सूप, एका बाजूला भिजवून मऊ केलेली पानं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर जर्दा घालायचा, वळायची, तोंड दाबून बंद करायचं, दोरा गुंडाळायचा, आणि हे हजारानं. पाठ भिंतीला टेकलेली, मान खाली, पोरवयापासून तेच. तेव्हा कंबर आणि मान दुखणार यात नवल काहीच नाही. पण मावशीचा नवरा गेल्यावर दुखणं वाढलं ते थांबेचना. सुपाखाली गोळ्यांच्या पट्ट्या ठेवलेल्या असायच्या, एक हिरवी, एक चंदेरी, कुठली कशाची ते तिलाही माहिती नव्हतं. संध्याकाळी पोराला मेडिकलमध्ये पाठवायची, "कालची ती गोळी दे म्हणावं". डॉक्टरकडं जायची, एमआरआय झाला, त्यात वयाप्रमाणे असायचं तेवढंच होतं, डॉक्टर म्हणाले काही नाही, टेन्शन घेऊ नका. मग गल्लीत येणाऱ्या आशा कार्यकर्तीनं एकदा सूप बाजूला ठेवायला लावलं आणि विचारलं, "अक्का, पंधरा दिवस झाले काय आवडीचं खाल्लंस, कुणाशी बोललीस?" मावशी काही बोलली नाही, नुसती रडायला लागली आणि बराच वेळ रडत राहिली. पुढं तिला गोळ्या सुरू झाल्या, डिप्रेशनच्या. कंबर अजून दुखते, काम तेच आहे म्हटल्यावर दुखणारच, पण आता ती जेवते, झोपते, एकादशीला भजनाला जाते, आणि दुखण्याच्या गोळ्या फार कमी लागतात.

अशा गोष्टी एकट्यादुकट्याच्या वाटतील म्हणून आकडे देतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १४ देशांत साध्या दवाखान्यांमध्ये येणाऱ्या पेशंटचा मोठा अभ्यास केला होता, त्यात आपलं बेंगळुरूही होतं, आणि डिप्रेशनबद्दलचे त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये छापून आले. डिप्रेशन असलेल्या १,१४६ पेशंटपैकी ६९ टक्के लोक दवाखान्यात फक्त शारीरिक तक्रारी घेऊन आले होते, मनाचं त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. पण यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढं आहे. मनाच्या लक्षणांबद्दल थेट विचारल्यावरही "असलं काही नाही" म्हणणारे फक्त ११ टक्के होते. म्हणजे माणूस आपणहून सांगत नाही, पण विचारलं की सांगतो. आणि निम्हान्सनं, म्हणजे बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं, २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की साधारण २० मोठ्या माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतं आणि त्यातल्या ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ही माणसं आधीच आपल्या दवाखान्यांच्या बाकावर येऊन बसलेली आहेत, त्यांना शोधायला कुठं लांब जायचं नाहीये.

इथं एक प्रश्न हमखास येतो. मेंदूत ओपिऑइड कमी पडतंय तर मग ओपिऑइडच द्या की. हा विचार जुनाच आहे, एकोणिसाव्या शतकात युरोपात उदासीच्या रोग्यांना अफू वाढत्या डोसमध्ये देऊन मग कमी करत आणायची पद्धत होती. आधुनिक काळातही प्रयत्न झाले. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध म्यूवर अर्धवट काम करतं आणि कप्पाला अडवतं, म्हणून कागदावर ते डिप्रेशनला अगदी योग्य दिसतं. १९९५ मध्ये बोस्टनकडच्या डॉक्टरांनी कशालाच न जुमानणाऱ्या डिप्रेशनच्या मूठभर पेशंटना ते देऊन बघितलं, काहींना फरक पडला. २०१६ मध्ये इस्रायलमध्ये अगदी कमी डोस देऊन आत्महत्येचे विचार कमी होतात का ते तपासलं, चार आठवड्यांत फरक दिसला. मग अमेरिकेतल्या एका कंपनीनं ब्युप्रेनॉर्फिनमध्ये त्याची नशा रोखणारं दुसरं औषध मिसळून गोळी आणली आणि ती तिथल्या औषध नियामकानं २०१९ च्या सुरुवातीला नाकारली, पुरावा पुरेसा नाही म्हणून. कप्पा अडवणारी नुसती गोळीही जॉन्सन अँड जॉन्सननं मोठ्या चाचणीपर्यंत नेली आणि २०२५ मध्ये डिप्रेशनसाठी ती थांबवली, परिणाम पुरेसा दिसला नाही. म्हणजे यंत्रणा सापडली म्हणून औषध सापडलं असं होत नाही.

आणि बाहेरून ओपिऑइड रोज देत राहिलं की मेंदू स्वतःचं काम कमी करतो, तेवढ्याच डोसनं भागत नाही, डोस चुकला की अंग दुखतं, चिडचिड होते, उदासी आधीपेक्षा खोल जाते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आणि इतर पेशंटच्या नोंदी तपासल्या तेव्हा तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ ओपिऑइड पेनकिलर घेणाऱ्यांमध्ये नव्यानं डिप्रेशन येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, आमच्या भागात क्वचितच एखादं गाव असेल जिथं रिटायर झालेला जवान नाही. गुडघे गेलेले, पाठ गेलेली, एकदम गावात येऊन रिकामे बसलेले, आणि ज्या पोरांबरोबर बारा-पंधरा वर्षं एका ताटात जेवले ते देशभर विखुरलेले. त्यांना कुणी ट्रॅमाडॉल सुरू केलं आणि वर्षभर तसंच चालू ठेवलं तर त्यात दोन्हीकडून नुकसान आहे.

ट्रॅमाडॉल हे ओपिऑइडच आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आणलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्यानं द्यायचंच नाही. कायदा आहे, पण खेड्यापाड्यात "ती कालची गोळी" अजून कागदाशिवाय मिळते, नुसती रिकामी पट्टी दाखवली की झालं. कोडीन (हेही ओपिऑइडच) घातलेलं खोकल्याचं औषध पोरं कशासाठी पितात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि दारूचं तर विचारूच नका. दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन सुटतं, म्हणून तर ओपिऑइड रिसेप्टर अडवणारं नॅलट्रेक्सोन दारू सोडवायला वापरतात, अमेरिकेत १९९४ पासून ते त्यासाठी मंजूर आहे. ऊसतोडीवरून, मागावरून, हमालीवरून आलेला माणूस संध्याकाळी गुत्त्यावर बसतो तेव्हा तो आपल्या परीनं दुखण्यावर आणि मनावर एकाच वेळी औषध करत असतो, फक्त ते औषध त्याला आणि त्याच्या घराला खाऊन टाकतं. त्याला बेवडा म्हणून मोकळं होण्यात काही अर्थ नाही, त्याच्याही डिप्रेशनची तपासणी व्हायला पाहिजे.

पण म्हणून सगळ्याच ओपिऑइडवर बंदी घाला असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरोधात आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते आणि त्याच देशात कॅन्सरचे पेशंट मॉर्फिनशिवाय तळमळत मेले, कारण १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या भीतीनं हॉस्पिटलांनी ते ठेवणंच बंद केलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांचे नियम सोपे झाले, तरी भीती गेलेली नाही. शेवटच्या अवस्थेतल्या माणसाला मॉर्फिन मिळालंच पाहिजे. नको आहे ती कारण न शोधता महिनोन्महिने चालणारी पेनकिलर.

मग डिप्रेशनवर काय. "मेंदूत सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) कमी झालं की डिप्रेशन येतं" हे वाक्य सगळ्यांनी आता सोडून द्यावं असं मला वाटतं. २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आधीचे सगळे अभ्यास एकत्र तपासले, त्यात या साध्या थिअरीला ठोस आधार मिळाला नाही. त्यावर काही लोकांनी लगेच गोळ्या निरुपयोगी आहेत असा प्रचार सुरू केला आणि माझ्या ओळखीतल्या दोघातिघांनी गोळ्या एकदम बंद केल्या, त्रास झाला तो झालाच. औषध का काम करतं याचं स्पष्टीकरण चुकलं म्हणून औषध काम करत नाही असं ठरत नाही. मध्यम आणि तीव्र डिप्रेशनमध्ये गोळ्यांचा बऱ्याच जणांना फायदा होतो, आणि डुलॉक्सेटीन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन यांसारख्या काही गोळ्या तर जुनाट दुखण्यावर आणि डिप्रेशनवर दोन्हीवर चालतात. अंगदुखीवाल्या पेशंटसाठी याहून सोयीचं काय असेल. अर्थात डॉक्टरला विचारूनच, मनानं सुरूही करू नका आणि बंदही करू नका.

जिमच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, पळा म्हणजे एंडॉर्फिन सुटेल. तेही तितकं सरळ नाहीये, २०२१ मध्ये ओपिऑइड अडवणारं औषध देऊन लोकांना पळवलं तरी पळाल्यानंतरची ती मस्त भावना टिकून राहिली, म्हणजे ती दुसऱ्याच कशानं येत असावी. पण एकत्र केलेल्या गोष्टींचं वेगळं आहे. ऑक्सफर्डला बोट वल्हवणाऱ्या पोरांना एकेकट्यानं आणि नंतर एका तालात मिळून वल्हवायला लावलं, मेहनत तेवढीच, पण मिळून वल्हवल्यावर त्यांची दुखणं सोसायची ताकद जास्त वाढली. एकत्र गाण्याबद्दलही असंच दिसलंय. शास्त्रज्ञ याचा अर्थ एंडॉर्फिन जास्त सुटलं असा लावतात, थेट मोजलेलं नाही, पण तर्क पटण्यासारखा आहे. आमच्याकडं हरिपाठ आहे, भजनी मंडळ आहे, तालीम आहे, बायकांचे संघ आहेत, आषाढीला पायी पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या आहेत. यांतून पैसा आणि वेळ काढून घेणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आपण विरोध केला पाहिजे. पण हेही तितकंच स्पष्ट सांगतो, डिप्रेशनच्या माणसाला "भजनाला ये, बरं वाटेल" एवढं सांगून उपचार टाळायचे नाहीत. त्याच्या अंगात उठून बसायचं त्राण नसतं. आधी उपचार, मग भजन, किंवा दोन्ही बरोबर.

आता भाषेचा मुद्दा. यात सीमावाद घुसडू नका असं कुणी म्हणेल म्हणून आधीच सांगतो, १९५६ पासून चाललेला आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला वाद तिथं चालू दे, मी दवाखान्यातलं बोलतोय. मोडलेला हात नुसता दाखवला तरी डॉक्टरला कळतो. मनाचं दुखणं बोलूनच सांगावं लागतं, त्याला दुसरी तपासणीच नाही. विजापूर, रायचूरकडून आलेला तरुण डॉक्टर आणि जांबोटीकडची म्हातारी समोरासमोर बसले की बोलणं हातवाऱ्यांवर येतं, आणि हातवाऱ्यांनी फक्त कंबर दाखवता येते. उलट बाजूनंही तेच, रामदुर्ग, सौंदत्तीकडची कन्नड बोलणारी बाई कोल्हापूर, गडहिंग्लजच्या दवाखान्यात गेली तर तिचंही असंच होतं आणि तिच्यासाठीही माझी हीच मागणी आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात ठरलेलं तत्त्व आहे की जिथं ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात. तब्येतीच्या प्रश्नांपेक्षा महत्त्वाचं काय असतं.

आणि यासाठी नवीन काही उभारायला लागत नाही. कर्नाटकानं तर हे देशाला शिकवलंय. १९८० च्या दशकात निम्हान्सनं बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना मनाचे आजार ओळखायला शिकवलं, आणि त्याच मॉडेलवरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि पुढं देशभर पसरत गेला. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, बेळगावपासून बसनं दोनेक तासांवर. तालुका हॉस्पिटलात मंगळवारी मानसोपचार तज्ज्ञ यायची मनोचैतन्य योजना आहे. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून बायकांना सरकारी बसचं तिकीटही लागत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून फुकट चालू आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं. सगळं आहे, पण अंगदुखी घेऊन बाकावर बसलेल्या बाईला कुणी विचारतच नसल्यामुळे ती यातल्या कशापर्यंतच पोचत नाही.

प्रश्न दोनच आहेत आणि जगभर वापरले जातात. गेल्या दोन आठवड्यांत रोजच्या कामात, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही असं कितीवेळा झालं? आणि उदास, निराश, आता काही खरं नाही असं कितीवेळा वाटलं? कधीच नाही, थोडे दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज, यातलं एक उत्तर. डॉक्टरला टाइम नाही हे कारण इथं चालत नाही, एक मिनिट लागतं आणि डॉक्टरच पाहिजे असंही नाही, केसपेपर काढणारी सिस्टर किंवा आशा विचारू शकते, तिला बहुतेक वेळा दोन्ही भाषा येतात. उत्तर काळजीचं आलं तर पुढचे प्रश्न, त्यात जीव नकोसा वाटतो का हेही विचारायचं, विचारल्यानं कुणी आत्महत्येकडं ढकललं जात नाही, उलट जीव मोकळा होतो.

प्रत्येक सरकारी हॉस्पिटलला आरोग्य रक्षा समिती असते, तिच्यात आपल्याच गावचे लोक असतात. पुढच्या बैठकीत हे दोन प्रश्न मराठी आणि कन्नडमध्ये केसपेपरवर छापून घ्या म्हणून अर्ज द्या, मंगळवारचा डॉक्टर खरंच येतो का त्याची नोंद मागा, आणि गावातल्या मेडिकलवाल्याला सांगा की रिकाम्या पट्टीवर दुखण्याची गोळी देऊ नको, तिसऱ्यांदा मागायला आली तर तिला १४४१६ लिहून दे आणि आशा अक्काला कळव.